गाडीला अर्थ नाही

विजेच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. गर्वाने म्हणत नाही, नोकरीच तशी आहे. कोराडीच्या वीज केंद्रात मी कंट्रोल रूममध्ये बसतो. समोर भिंतभर डायल, त्यांचे थरथरणारे काटे आणि खाली बटणांच्या रांगा. इतवारीतल्या कापडवाल्याचा पंखा फिरतो, धंतोलीतला डॉक्टर दिव्याखाली पेशंटला आ करायला लावतो, तुम्ही पांघरुणात गोष्ट वाचत पडता, त्या सगळ्यात थोडा थोडा माझा हात असतो. असा माणूस मोटारीच्या एवढ्याशा बॅटरीपुढे हात टेकेल, असं कोणाला वाटेल? मला तर नाहीच वाटलं. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

मोटार आमच्याकडे आली ती सिव्हिल लाइन्समधल्या एका निवृत्त साहेबाकडून. साहेब नागपूर सोडून चालले होते. त्यांनी कुत्रा शेजाऱ्याला दिला, गुलाबाच्या कुंड्या क्लबाला दिल्या आणि जे कोणीच घेईना ते मला दिलं. विलायती बनावट, गोलमटोल अंग, बेडकासारखे वर आलेले दिवे. रंग मूळचा पोपटी असावा. आता त्याचे पोपडे निघाले होते आणि उरलेल्या जागेत कोराडीच्या कोळशाची राख मुरली होती. मागचं डावं दार सुतळीने बांधलेलं असे. चालायची मात्र छान, विशेषतः उतारावर.

ही मोटार नवीकोरी आहे असं जगात फक्त एका माणसाला वाटत होतं. ती माझी आत्या, रंभाबाई.

आई लवकर गेली. मला वाढवलं ते आत्याने. छप्पन साली दीक्षेसाठी आमचं सगळं गाव नागपुरात आलं, तेव्हा त्या गर्दीत तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की मनगटावर वळ उठले होते. तेव्हापासून दर दसऱ्याला ती दीक्षाभूमीवर जाते. गेल्या दसऱ्याला मात्र तिने माझा म्हणून भलत्याच माणसाचा हात धरला आणि त्याला घरच्या गोष्टी सांगत पार सीताबर्डीपर्यंत गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धंतोलीचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पिकलेत, या थंडीत काढून टाका, आणखी थांबलात तर मग माझ्या हातात काही राहणार नाही.

आत्या म्हणाली, "मी नाही येत. सुरी लावाले मी काय वांगं व्हय?"

मी समजावलं, शामलेने म्हणजे माझ्या बायकोने समजावलं, केंद्राच्या कॉलनीतल्या बायकांनी समजावलं. आत्या ढिम्म हलली नाही. आणि अशात मोटार आली. आत्या काठी टेकत बाहेर आली आणि तिने बॉनेटवरून हात फिरवला.

"नवी व्हय का गा, चंपत?"

"हो आत्या," मी म्हणालो, आणि मग तोंडातल्या तोंडात, "आपल्याकडे आली म्हंजे नवीच."

पहिले दोन शब्द तिला ऐकू गेले. बाकीचे गेले नाहीत, कारण शामला दारात खोकत होती. आत्याच्या बोटांना रंगाचा एक पोपडा लागला. "अन् हे काय निघून राहिलं?"

"वरचा कागद आहे. नव्या गाडीवर चिकटवून येते."

एकदा एवढं बोलून गेल्यावर माघार घेता येईना. आत्या कॉलनीभर सांगत सुटली, माह्या चंपतनं नवी मोटार घेतली, पोपटी रंगाची. बायकाही गुणाच्या. "हो ना आत्याबाई, आरशासारखी आहे," असं म्हणून त्या पदराआड हसत. आणि एके दिवशी आत्या आपणहून म्हणाली, "चंपत, मोटार पाह्याची आहे गा मले. काढते म्हणते तं काढू दे डोये. पण जाईन तं मोटारीतच बसून जाईन. बसगिसमधी नाही."

माझ्या लबाडीने तिला तयार केलं होतं, तेव्हा मला लबाडीचं वाईट वाटेना. डॉक्टरांनी सोमवारची सकाळ दिली. आता हा सोमवार हुकला असता तर आत्याने पुन्हा कधी हो म्हटलं नसतं, हे मला तिच्या हाताखाली वाढल्यामुळे पक्कं माहीत होतं. सोमवार गेला की तिचे डोळे गेले.

म्हणून रविवारी मी मोटारीचं ओव्हरहॉलिंग काढलं. मेकॅनिक कशाला? मी आहे ना. अंगणात पोतं पसरलं, एकेक भाग सोडवून त्यावर मांडला. शेजारी बाजेवर आत्या ऊन खात बसली होती. कावळे येऊन काही उचलून नेतील म्हणून ती हाताने चाचपून राखण करत होती. इंजिनाखाली तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक चपटी पट्टी निघाली. हिरवी पडली होती. मी ती चिंचेने घासून लखलखीत केली, पोत्यावर वाळत टाकली आणि पुन्हा गाडीखाली शिरलो.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. आत्याच्या गुडघ्यात वात होता आणि त्यावर तिचा एक उपाय ठरलेला होता. तांबं बांधायचं. "इतवारीत गेला तं तांब्याचं कडं आणजो गा," असं ती मला दर वेळी सांगे आणि मी दर वेळी विसरे. वर तिला ऐकवतही असे, की आत्या, तांबं करंट वाहून न्यायला असते, वात वाहून न्यायला नाही. विजेच्या माणसाने अंधश्रद्धेला हातभार लावू नये, असं माझं म्हणणं.

"चंपत," बाजेवरून आवाज आला, "हे मऊ मऊ, वेणीसारखं, कायचं व्हय गा?"

माझ्या तोंडात पाना होता. "तांब्याचं."

"माह्यासाठी आणलं?"

गाडीखालचा माणूस वरच्या माणसाला एकच उत्तर देतो. "हं, हं," मी म्हणालो.

संध्याकाळी सगळं परत जोडलं. दोन नट आणि दोन बोल्ट उरले. ओव्हरहॉलिंगनंतर एखाद-दुसरा उरतोच, बनवणारे मुद्दाम जास्तीचे लावून देतात. मी ते उद्या घालायच्या शर्टाच्या खिशात टाकले. हॉर्न दाबला, वाजला. दिवे लावले, लागले. गाडी तयार.

सोमवारी सकाळी आत्या पांढरंशुभ्र लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली. कॉलनीतल्या बायका जमल्या. "जय भीम आत्याबाई, नीट जा, घाबरू नका." शामला तिच्या शेजारी डबा घेऊन. मी ऐटीत बसलो आणि स्टार्टरची खुंटी ओढली.

टक.

पुन्हा ओढली. टक. तिसऱ्यांदा ओढली तर तेवढंही नाही.

"निघालो का गा?" आत्याने विचारलं.

मी उतरून बॉनेट उघडलं. हॉर्न वाजतो, दिवे लागतात, स्टार्टर फिरत नाही. निदान सोपं आहे. दिव्याला घोटभर करंट पुरतो, स्टार्टरला घागरभर लागतो. बॅटरीत घोटच उरला होता. शेजारच्यांना मी हे समजावूनही सांगितलं. "बॅटरी बसली," मी म्हणालो. "शामला, नाक्यावरच्या त्या कवडूले बोलाव. त्याले म्हण, लवकर ये, तपासून सांग."

शामला गेली. आत्याने सीटवरून विचारलं, "कोण येऊन राहिलं गा तपासाले? दवाखान्याचा माणूस व्हय का?"

माझं डोकं बॉनेटमध्ये होतं. "हं, हं," मी म्हणालो.

हे जे दोन वेळा मी "हं, हं" म्हणालो ना, तेवढं सोडलं तर या सगळ्या प्रकारात माझी काहीही चूक नाही.

कवडू नाक्यावर ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करून देतो. अंगाने भरलेला, डोक्याला मफलर, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य निकाल दिल्यासारखं. सायकलच्या कॅरिअरवर ट्रकची बॅटरी बांधून तो आला. आल्या आल्या त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि समोरच्या दिव्यांच्या काचा अंगठ्याने पुसल्या.

"म्हातारी लई थकली, साहेब."

मी जोरात खोकलो. आत्याच्या कानावर गाडीचं वय जायला नको होतं.

"उजव्यात जाळं आलं आहे," कवडू म्हणाला. "डाव्यातून थोडं दिसत असंन."

"दिव्यांचं सोड गा. आतलं पाह्य."

त्याने बॅटरीची बुचं काढून आत वाकून पाहिलं. "पाणी कमी झालं. पण जीव आहे अजून."

मागच्या सीटवर आत्या श्वास रोखून बसली होती, हे मला नंतर शामलेने सांगितलं.

मग कवडूने ट्रकची बॅटरी लावायला घेतली. वायर उचलली आणि थबकला. "अर्थ कुठं आहे हिचा?"

आता हा शब्द आमच्या धंद्यातला. वीज एका तारेने जाते, तिला परत यायला वाट लागते. त्या परतीच्या वाटेला इंग्रजीत अर्थ, म्हणजे जमीन, म्हणतात आणि आमचे वायरमन लोकही अर्थच म्हणतात. मोटारीत दुसरी तार ओढत नाहीत, गाडीच्या लोखंडालाच अर्थ मानतात. बाकीच्या गाड्यांत बॅटरीची मायनस बाजू लोखंडाला जोडलेली असते, आमच्या विलायतीत प्लस होती. मी ते कवडूला दाखवलं.

"म्हंजे हिचा अर्थच उलटा आहे," कवडू म्हणाला.

"उलटाच लाव."

त्याने तसं लावलं. मी आत बसून खुंटी ओढली. इंजिन आळस दिल्यासारखं जरासं हललं, पुन्हा बसलं, आणि डॅशबोर्डातून धूर यायला लागला. चोकची तार तापून लाल झाली होती. ती विझवायला मी चोकच्या गुंडीला हात घातला आणि दोन बोटं भाजून घेतली.

"शामला, भाजी लागली वं," आत्या म्हणाली.

कवडूने बॅटरी सोडवली, हात पुसले आणि निकाल दिला. "साहेब, तुमची बॅटरी चांगली आहे. अर्थ नाही."

"अर्थ कसा नाही? हा काय, डोळ्यासमोर दिसून राहिला." मी बॅटरीपासून लोखंडाला गेलेली जाड तार त्याच्या हातात दिली.

"हे नाही. इंजिनाले अर्थ नाही. करंट इंजिनात जाते, परत याले रस्ता नाही, मंग ते चोकच्या तारीनं पयते. म्हनून धूर."

आता, नाक्यावर बॅटऱ्या चार्ज करणारा माणूस, वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधल्या माणसाला, त्याच्या कॉलनीत, त्याच्या शेजाऱ्यांसमोर सांगतो की तुझ्याकडे अर्थ नाही! माझा आवाज चढला. "काल मी सोता सगळं खोलून लावलं. अर्थ आहे."

"नाही."

"आहे म्हणतो ना."

कवडूचाही आवाज चढला. "साहेब, किती सालापासून हेच करून राहिलो मी. पाहून सांगतो, यात अर्थ नाही म्हंजे नाही. आज नेऊ नका. नेऊन काही फायदा नाही. अन् उगीच कोणाले कापाकापी करू देऊ नका, असंन ते बी खराब होईन."

तो वायरींच्या कापाकापीबद्दल बोलत होता. पण मागचं उजवं दार उघडलं, आत्या काठी टेकत उतरली आणि सरळ घरात जाऊन बाजेवर बसली.

मी धावत मागे गेलो. "आत्या, काय झालं?"

"काही नाही गा." ती शांत होती, आणि तेच वाईट होतं. "दवाखान्याचा माणूस चांगला आहे. तोंडावर खरं सांगतलं. उजव्यात जाळं, डाव्यातून थोडं दिसते, अन् कापून काही अर्थ नाही. डॉक्टरपेक्षा बरा. राहू दे. जेवढं दिसते तेवढं दिसते."

आधी हसू आलं होतं ते खरं, पण तिने डबा उघडून शामलेने दवाखान्यासाठी बांधलेली भाकरी खायला सुरुवात केली तेव्हा हसू गेलं. ती जेवायला बसली म्हणजे विषय संपला.

"आत्या, तू उलटा अर्थ काढून राहिली. तो डोळ्यांचं नाही बोलत होता..."

"उलटा अर्थ बी तोच म्हणे," आत्या म्हणाली. "ऐकलं मी."

मी बाहेर येऊन कवडूला गाडीच्या आडोशाला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याला फार वाईट वाटलं, त्याचीही आई गेली तेव्हा तिला दिसत नव्हतं म्हणे. "मग चल," मी म्हणालो, "आत ये, अन् तिले फक्त एवढंच म्हण की अर्थ आहे."

कवडू हातातली वायर गुंडाळायला लागला.

"काय झालं?"

"कसं म्हणू साहेब? नाही आहे ना."

"अरे, म्हणायचं नुसतं."

"दुसरं काही बी म्हणतो. म्हणा तं डॉक्टर आहो म्हणून सांगतो. पण नसलेला अर्थ आहे म्हणून नाही सांगणार. उद्या नाक्यावर कोणी बॅटरी आणन का माह्याकडं?"

मी हात जोडले. शेवटी तो मफलर नीट करून आत आला, आत्यापुढे उकिडवा बसला आणि घसा साफ करून म्हणाला, "मावशी, अर्थ तं नाही. पण जोरात धक्का देल्ला तं काम होऊन जाईन."

आत्याच्या हातातली भाकरी खाली आली. "ह्या वयात धक्का देते मले?"

तेव्हा शामला पुढे झाली. आमच्या घरात सरळ बोलणारं माणूस एकच आहे. "आत्याबाई, हे दवाखान्याचे नाही. हे मोटारीच्या बॅटरीवाले कवडूभाऊ आहे. गाडी सुरू नाही होऊन राहिली. अर्थ गाडीले नाही. तुमच्या डोयाले अर्थ नाही असं कोणीच नाही म्हटलं."

आत्याने तोंडातला घास गिळला. मग मी असेन त्या दिशेने मान वळवली. "गाडीले अर्थ नाही?"

"हो आत्या. तेवढंच."

"पण नव्या गाडीले अर्थ काहून नाही गा?"

झालं. शामला छताकडे पाहू लागली. कवडू माझ्याकडे. दारात कॉलनीतल्या बायका कान टवकारून. खरं सांगावं तर ती म्हणणार, पोरानं मोटारीचं खोटं सांगतलं, तं डोयाचं कायले खरं सांगन? खोटं सांगावं तर सुचलं पाहिजे.

"नवी आहे म्हणूनच," मी म्हणालो. "नव्या गाडीचा अर्थ मागून येते. कंपनीतून. पार्सलनं."

कवडूने डोळे मिटून घेतले. पण तो माझा खोटेपणा होता, त्याचा नव्हता, म्हणून त्याने चालू दिलं.

आत्याने डबा बंद केला. "असं पैलेच सांगाव ना. चल मंग. धक्का मारा तिले."

तेवढ्यात रात्रपाळीची बस कॉलनीत आली. डोळे लाल झालेली, राखेने माखलेली माणसं उतरली आणि काय प्रकार आहे ते ऐकून सगळी गाडीच्या मागे लागली. "चला, आत्याबाईच्या नव्या मोटारीला धक्का मारू," असं म्हणत त्यांनी ढकललं, आणि कोपऱ्यावरच्या उतारावर इंजिनाने दोन-चार ठसके दिले आणि ते पेटलं. कवडू मागून धावत ओरडला, "बंद नका पडू देऊ साहेब, पुन्हा सुरू नाही होणार!"

त्या दिवशी कोराडीपासून धंतोलीपर्यंत मी कशी गाडी नेली ते मला नीट आठवत नाही. कोळशाच्या ट्रकांना मी मागे टाकलं, एका म्हशीला मीच वाट दिली. सदरच्या चौकात पोलिसाने हात दाखवला, पण थांबलो असतो तर संपलो असतो, म्हणून मी त्याच्या छत्रीभोवती गोल गोल फिरत राहिलो. तो प्रत्येक फेरीत मला काहीतरी म्हणत होता आणि मी प्रत्येक फेरीत त्याला नमस्कार करत होतो. शेवटी त्याला चक्कर यायला लागली आणि त्याने सोडलं.

"धंतोली लई दूर गेली वं," आत्या शामलेला म्हणाली.

पण पोचलो. वेळेवर पोचलो. आत्याला आत नेलं आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसून भाजलेल्या बोटांना फुंकर घालत होतो, तोच सिस्टर बाहेर आली. ऑपरेशनपूर्वी अंगावरचं सगळं धातूचं उतरवतात, ते रुमालात बांधून तिने माझ्या हातात दिलं. कानातल्या दोन बाळ्या. आणि तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी, लखलखीत, दोन्ही टोकांना बोल्टचं भोक.

"ही गुडघ्याला बांधली होती," सिस्टर म्हणाली. "काढूच देईनात. म्हणाल्या, माझ्या चंपतने आठवणीने आणून दिली आहे, मोठा साहेब आहे पण विसरला नाही."

माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. नट आणि बोल्ट तिथेच होते. एखाद्याची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. आमच्या गाडीचा अर्थ गुडघ्यात होता, आणि दवाखान्यापर्यंत गाडीतच बसून आला होता.

मला हसू आलं, लाज वाटली आणि भरूनही आलं, सगळं एकदम. पाच मिनिटांचं काम होतं. खाली जाऊन पट्टी बसवायची आणि ऐटीत घरी जायचं. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला. "चंपत, ते सांभाळून ठेव गा. डोयाची पट्टी सुटली की पैले तेच बांधून देजो."

आता ती पट्टी मी गाडीला कशी लावणार? तुम्हीच सांगा. मी तिला तसा कोणता दागिना आणून दिला होता आजवर?

ऑपरेशन नीट झालं. पट्टी मी परत बांधली, आत्याच्या गुडघ्याला. गाडीसाठी कवडूने एक साधी वायर अडकवून दिली. ती बारीक पडे, त्यामुळे गाडी मनात आलं तर सुरू होई, नाहीतर ढकलावी लागे. कवडू विचारी, "साहेब, असली अर्थाची पट्टी कुठं गेली?" मी म्हणे, पार्सल यायचं आहे.

पुढे टाके निघाले, डोळे निवले, आणि एका दुपारी आत्याला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून तिने तो घातला. भिंगांतून तिचे डोळे लिंबाएवढे दिसत होते. तिने शामलेकडे पाहिलं. "बारीक झाली वं तू. खात नाही का?" मग माझ्याकडे. "तुले टक्कल पडलं गा! कोणी सांगतलं नाही मले." दोघांच्याही गालांवरून तिने हात फिरवला, कारण हाताची सवय गेली नव्हती.

मग तिने रस्त्याकडे पाहिलं. "मोटार कुठं आहे आपली?"

मी बोट दाखवलं. आत्या पायऱ्या उतरली. गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली. सुतळीची गाठ पाहिली. दिव्यांच्या काचा पाहिल्या. बॉनेटवरचा एक पोपडा नखाने उचलून चष्म्यासमोर धरला.

"वरचा कागद अजून काढला नाही?" तिने विचारलं.

मी चटकन आत बसलो आणि खुंटी ओढली, की निघू एकदाचे.

टक.

धुराची एक बारीक रेघ वर आली. कवडूची वायर गेली. आजूबाजूला पेशंटचे नातेवाईक, कोणी वर्ध्याचे, कोणी यवतमाळचे, डबे हातात घेऊन बघायला उभे राहिले. आत्याही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आजारी गाय बघावी तशी ती गाडीकडे बघत होती.

"हिले तं वात आहे गा," ती म्हणाली.

ती गाडीच्या दारात टेकली, लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं, गाठ सोडली आणि तांब्याची पट्टी माझ्या हातात दिली. "घे. बांध हिले. माह्यापेक्षा हिलेच जरूर आहे."

"आत्या, हे..."

"बांध म्हणलं ना."

मी इस्त्रीच्या शर्टाने रस्त्यावर आडवा झालो, गाडीखाली शिरलो आणि जिथली पट्टी तिथे बसवली. नट-बोल्ट डॅशबोर्डाच्या कप्प्यात सांभाळून ठेवलेले होतेच. बाहेर येऊन खुंटी ओढली. गाडी अशी गरजली की यवतमाळवाल्याच्या हातातला डबा हलला.

गर्दीत कोणीतरी टाळी वाजवली. एक म्हातारी आत्याला विचारायला लागली, तांबं कोणतं, कुठल्या गुडघ्याला, किती दिवस. आत्याने तिला सविस्तर सांगितलं आणि मग गाडीत येऊन बसली.

"म्हणे तांब्यानं काही होत नाही," ती म्हणाली. "मोठा विजेचा साहेब."

मी मागे वळलो. आता खरं सांगायलाच हवं होतं. "आत्या, ते औषध नाही. तो गाडीचा अर्थ आहे."

"हो मंग," आत्या म्हणाली. "अर्थ आहे म्हनूनच तं मी येवढी सांगून राहिली होती. तूच ऐकत नव्हता."

यावर माझ्या कंट्रोल रूममध्ये कोणतंही बटण नाही. मी गाडी घराकडे न नेता सरळ इतवारीकडे वळवली. तांब्याच्या भांड्यांच्या दुकानापुढे थांबलो, इंजिन बंद केलं, बेधडक बंद केलं, आणि आत जाऊन आत्याच्या मापाचं एक कडं मागितलं.

शामलेने गाडीच्या खिडकीतून आवाज दिला. "अहो, दोन घ्या. एक गाडीसाठी राहू द्या."

दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी वीज केंद्रातला माणूस आहे, हे त्याला माहीत नसावं. मी दोन घेतली.